क्रोनच्या भगंदरासाठी नव्या सर्जनकडे जाताना

क्रोनचा आजार असलेल्या माणसाला गुदद्वाराशेजारी गाठ येते, ठणकते, फुटते. पू गेला की आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तिथेच गाठ येते. मग इतकी वर्षं आतड्याची औषधं देणारे पोटविकारतज्ज्ञ कागदावर दोन ओळी लिहून देतात : ‘क्रोन्स, पेरिएनल फिस्टुला. सर्जनचं मत घ्यावं.’ ती चिठ्ठी घेऊन अगदी नव्या डॉक्टरांसमोर बसायचं, जेमतेम दहा मिनिटं मिळणार आणि विषय असा की चारचौघांत बोलायची सोय नाही. त्या दहा मिनिटांची तयारी कशी करावी, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

क्रोनचं भगंदर आणि साधं भगंदर वरून सारखंच दिसतं. साधं भगंदर बहुतेक वेळा गुदद्वाराच्या आतल्या एखाद्या ग्रंथीत जंतुसंसर्ग झाल्याने होतं. त्यातून त्वचेपर्यंत तयार झालेली नळी मोकळी केली की बहुधा विषय संपतो. क्रोनमध्ये आतड्याच्या भिंतीचा दाह आरपार जातो आणि नळ्या त्यातून तयार होतात. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 1932 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा लक्ष होतं लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाकडे. त्याच क्रोन यांनी एका सहकाऱ्यासोबत 1938 मध्ये भगंदर ही या आजाराची गुंतागुंत असल्याचं लिहिलं. आता साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, असं मानलं जातं. मूळ दाह आतड्यातच असल्याने नुसतं कापून हे भगंदर बरं होत नाही, आणि पू साठलेला असताना नुसत्या औषधानेही होत नाही. सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञ या दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. आपल्याकडे ते आपोआप होत नाही, रुग्णाला घडवून आणावं लागतं. पुढची सगळी खटपट त्यासाठी.

आधी ताप पाहा

ताप, थंडी वाजणं, बसता येणार नाही अशी ठणक, लाल कडक सूज, लघवी अडकणं, यांतलं काहीही असेल तर फाइल, यादी, सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा. आत गळू झालेलं असू शकतं. गळवातला पू काढावाच लागतो. गोळ्यांवर दिवस ढकलून चालत नाही. स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्झिमॅब चालू असेल तर आत पू असूनही ताप फारसा चढत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. या काळात इन्फ्लिक्झिमॅबची ठरलेली तारीख आली तर आधी पोटविकारतज्ज्ञांना फोन करा. पू आत कोंडलेला असताना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देणं धोक्याचं असतं.

कोणाकडे जायचं

एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेलं असतं. क्रोन असलेल्याने तो पत्ता विसरावा. क्षारसूत्राची गोष्ट वेगळी. क्षार लावलेला तो दोरा नळी हळूहळू कापत जातो, आणि साध्या भगंदरासाठी तो मान्यताप्राप्त उपचार आहे. आयसीएमआरने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, बरं व्हायला शस्त्रक्रियेपेक्षा वेळ जास्त लागला तरी भगंदर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कमी दिसलं होतं. पण ते निष्कर्ष साध्या भगंदराचे. क्रोनमध्ये जुलाब चालू असतात, जखम भरत नाही आणि पुढे दुसरी नळी होण्याची शक्यता असते. अशा वेळी कापला गेलेला स्नायू परत मिळत नाही. म्हणून कोणत्याही पॅथीचा डॉक्टर असो, दोरा लावायच्या आधी त्याला ‘मला क्रोन आहे’ हे सांगायलाच हवं.

सर्जन निवडताना आपल्या पोटविकारतज्ज्ञांना सरळ विचारा : “तुमचे क्रोनचे पेशंट तुम्ही कोणाकडे पाठवता?” या प्रश्नाला नाव मिळतं. “कोणी चांगला सर्जन सांगा” म्हटलं की नुसतीच यादी मिळते. कोलोरेक्टल सर्जन मिळाला तर उत्तम. न मिळाला तर क्रोनची भगंदरं नेहमी पाहणारा जनरल सर्जनही चालेल, मात्र तो फोनवर तुमच्या पोटविकारतज्ज्ञांशी बोलायला तयार हवा. मुंबईत केईएम, नायर, शीव अशा महापालिकेच्या रुग्णालयांत पोटविकार आणि सर्जरी हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. तिथे रांग मोठी असते, पण एका विभागाचा केसपेपर हातात घेऊन दुसऱ्या विभागात चालत जाता येतं. ही सोय लहान नाही.

एक पान

जाड फाइल कोणी वाचत नाही. वाचायला वेळही नसतो. म्हणून सगळ्यात वर स्वतः लिहिलेलं किंवा टाइप केलेलं एकच पान ठेवा. साधारण असं :

*पुरुष, वय 34, वजन 52 किलो. सहा महिन्यांत 6 किलो घट.*
*क्रोन : निदान 2019. लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मलाशय.*
*त्याआधी टीबीची औषधं 6 महिने, 2018, पूर्ण केली. नंतरच्या कोलोनोस्कोपीत व्रण तसेच.*
*आतापर्यंतची औषधं : प्रेडनिसोलोन तीन वेळा, अ‍ॅझाथायोप्रिन 50 मिलिग्रॅम, चालू. इन्फ्लिक्झिमॅब कधी नाही.*
*गळू : दोनदा. एकदा आपोआप फुटलं, एकदा चीर देऊन पू काढला.*
*सध्या : दोन तोंडं, रोज दोन पॅड. शौचाला दिवसा पाच वेळा, रात्री एकदा.*
*शेवटचा एमआरआय, कोलोनोस्कोपी, सीबीसी, सीआरपी, अल्ब्युमिन, कॅलप्रोटेक्टिन : तारखा आणि आकडे.*
*अ‍ॅलर्जी. रक्त पातळ करणारं औषध : नाही. सिगारेट : सोडली, 2021.*
*पोटविकारतज्ज्ञांचं नाव आणि फोन.*

यातली टीबीची ओळ गाळू नका. आतड्याचा टीबी आणि क्रोन दुर्बिणीतून आणि बायोप्सीतही एकमेकांसारखे दिसू शकतात. त्यामुळे भारतात क्रोनच्या बऱ्याच रुग्णांना आधी टीबीची औषधं दिली जातात. टीबीनेही भगंदर होतं. नव्या सर्जनच्या मनात हा प्रश्न येणारच. औषधं किती महिने घेतली, मध्येच सोडली का आणि त्यानंतरच्या कोलोनोस्कोपीत व्रण भरले होते की नाही, ही तिन्ही उत्तरं पानावर असली तर तिथेच अडकून पडायला होत नाही.

औषधांत आयुर्वेदिक, होमिओपॅथी, दुकानातून आणलेल्या गोळ्या, सगळं लिहा. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं क्रोनमध्ये आतड्याला त्रास देऊ शकतात आणि कॅलप्रोटेक्टिनचा, म्हणजे शौचाच्या तपासणीतून आतड्याचा दाह दाखवणारा, आकडाही वाढवू शकतात, म्हणून ती लपवण्यात काही हशील नाही. इन्फ्लिक्झिमॅब किंवा अ‍ॅडॅलिमुमॅब घेतलं असेल तर खोक्यावरचं कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून ठेवा. या औषधांचे बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची त्यांच्यासारखीच औषधं, बाजारात बरेच आहेत. कोणतं लागू पडलं आणि कोणत्याने अंगावर पुरळ आलं, ते नंतर आठवत नाही.

फाइल आणि सीडी

कागद तारखेने लावा, नवा वर. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. नळी स्नायूच्या कोणत्या बाजूने गेली आहे हे सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं, आणि भगंदराची शस्त्रक्रिया त्यावरच ठरते. नळ्यांची जी वर्गवारी आजही वापरात आहे ती लंडनच्या सर्जन पार्क्स यांनी 1976 मध्ये मांडली. रिपोर्टमध्ये ‘इंटरस्फिंक्टरिक’, ‘ट्रान्सस्फिंक्टरिक’ असे शब्द दिसतात ते त्यातलेच. तेव्हा फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. घरून निघायच्या आधी सीडी उघडून पाहा. डॉक्टरांच्या टेबलावर ती फिरत राहते, चित्र येत नाही आणि तुमची वेळ संपते, असं सर्रास घडतं.

एमआरआय झालाच नसेल तर घाईने करून घेऊ नका. सर्जनना एकदा पाहू द्या आणि ‘फिस्टुलासाठी पेल्विसचा एमआरआय’ असं त्यांच्याकडून लिहून घ्या. पोटाचा साधा एमआरआय काढून आणला की पैसे जातात आणि हवं ते दिसत नाही. जुन्या पद्धतीचा, नळीत औषध सोडून काढलेला एक्स-रे तर या कामी फारसा उपयोगाचा नाही.

जुन्या बायोप्सीचे ब्लॉक म्हणजे मेणात जपून ठेवलेले तुकडे. ते लॅबकडे असतात आणि लेखी अर्ज दिला की दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यासाठी मिळतात. सर्जननी मागितले तर हा अर्ज करायचा. पहिल्या भेटीला ब्लॉक लागत नाहीत.

लाज बाजूला ठेवून नोंद

भेटीच्या आधी आठवडाभर वहीत रोज चार गोष्टी लिहा : शौचाला किती वेळा, पॅड किती, बसताना दुखणं किती, आणि वायू किंवा पातळ शौच रोखून धरता येतं का. यातली शेवटची नोंद कोणालाही नकोशी वाटते, पण सर्जनला ती सर्वांत आधी लागते. धरून ठेवायची ताकद आधीच कमी असेल तर स्नायूला हात लावणारी शस्त्रक्रिया टाळायची असते. बायकांनी बाळंतपणात टाके पडले होते का, योनीमार्गातून वायू किंवा मळ येतो का, हे सांगावं. लघवीतून बुडबुडे येत असतील तर तेही. विचारलं नाही तरी सांगावं, कारण अशा वेळी नळी दुसऱ्याच अवयवात उघडत असण्याची शक्यता असते.

गाठ फुगलेली असेल त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंबर लागेपर्यंत ती फुटून बसते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

त्या दिवशी

उपाशीपोटी यायला सांगितलं नसेल तर खाऊन निघा. कोमट पाण्याने धुवा; हळद, मलम, पावडर काही लावू नका. एनिमा घेऊ नका. सैल कपडे, जादा पॅड, बदलायला अंतर्वस्त्र आणि बसायला उशी सोबत असू द्या. संडास कुठे आहे ते पोहोचल्या पोहोचल्या पाहून ठेवा. आणि नंबर पुकारला तेव्हा तुम्ही तिथे असाल तर काय करायचं, ते काउंटरवर विचारून ठेवा. सोबत एक जण हवाच. त्याने बोलायचं नाही, लिहायचं. आई सोबत असेल तर हे तिला दोनदा सांगावं लागतं.

खोलीत

पहिलं वाक्य पाठ करून जा. “डॉक्टर, मला क्रोन आहे, भगंदर त्याचंच वाटतंय, पोटविकारतज्ज्ञांनी तुमच्याकडे पाठवलंय, आणि हे माझं एक पान.” एवढं झालं की गप्प बसा, त्यांना वाचू द्या.

तपासणी डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन होते. दुखत असेल तर थांबा म्हणा. जास्त दुखत असेल तर भूल देऊन तपासणी केली जाते. त्याला ईयूए म्हणतात आणि क्रोनमध्ये ती नेहमीची गोष्ट आहे. त्यात आजार गंभीर असल्याची सूचना नसते. स्त्री रुग्णाने नर्सला खोलीत थांबायला सांगावं, त्यात संकोच नको.

मग प्रश्न. आत पू साठला आहे का, हा पहिला. साठला असेल तर आधी निचरा, बाकी सगळं नंतर. दुसरा प्रश्न मलाशयाला सूज आहे का याचा. मलाशय लाल, व्रण पडलेलं असताना नळी कापणं किंवा बंद करणं टाळतात, कारण जखम भरत नाही.

तिसरा प्रश्न दोऱ्याचा, आणि इथे घाई करू नका. सर्जन ‘सेटन टाकू’ म्हणतील. सेटन म्हणजे रबराचा, सिलिकॉनचा किंवा रेशमाचा दोरा. तो बाहेरच्या तोंडातून नळीत घालून, गुदद्वारातून बाहेर काढून त्याची गाठ मारतात. तो दोन तऱ्हेने बांधता येतो. घट्ट बांधून वरचेवर आवळला तर स्नायू कापत जातो. सैल सोडला तर फक्त तोंड उघडं ठेवतो, म्हणजे पू आत कोंडत नाही. क्रोनमध्ये सहसा हा सैल दोराच हवा असतो. “सैल ना?” असं स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. सैल दोरा असेपर्यंत थोडा पू येत राहणार, कारण तेच त्याचं काम आहे. शस्त्रक्रिया फसली असं समजून दोरा ओढून काढणारे लोक असतात, तुम्ही त्यांत नको. तो महिनोन्‌महिने राहू शकतो. दोरा ठेवून ऑफिसला जाणारी, लोकलने प्रवास करणारी माणसं आहेत.

चौथा : ऑपरेशनच्या टेबलावर नळीच्या भिंतीचा तुकडा घेणार का? घेणार असतील तर टीबीची तपासणी वेगळी मागा. आपल्याकडे बाटली बहुतेक वेळा नातेवाइकाच्या हातात देतात आणि लॅबला पोहोचवायला सांगतात. पॅथॉलॉजीच्या बाटलीत फॉर्मालिन असतं. त्यात टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. कल्चर आणि जीन एक्सपर्ट (टीबीची झटपट चाचणी) यांसाठीचा तुकडा साध्या सलाइनमध्ये जायला हवा. म्हणजे बाटल्या दोन, चिठ्ठ्याही दोन. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभं राहणाऱ्याला हे आदल्या दिवशी समजावून ठेवा.

पाचवा : पुढचं औषध कोण सुरू करणार आणि कधी? सेटननंतर पुष्कळदा इन्फ्लिक्झिमॅबचा विचार होतो. नेहमीची मात्रा किलोमागे 5 मिलिग्रॅम. सुरुवातीचा डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. त्याआधी छातीचा एक्स-रे, मॅन्टू किंवा इग्रा चाचणी, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासून घ्यावं लागतं, कारण या औषधाने शरीरात सुप्त असलेला टीबी जागा होऊ शकतो. या तपासण्या सर्जनकडे जाण्याआधी झाल्या असतील तर मधले दिवस वाचतात. तोपर्यंत मेट्रोनिडॅझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं जाईल. त्याने पू कमी होतो, बंद केलं की बहुधा परत येतो. मेट्रोनिडॅझोल लांबलं आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या तर लगेच कळवा.

‘पोटावर पिशवी लावावी लागेल का?’ हा प्रश्न घरी कोणी ना कोणी विचारणारच. तो तिथेच विचारून टाका. सगळ्यांना लागत नाही, लागली तर कधी काढता येते, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

कधीकधी सर्जन म्हणतात, “उद्या अ‍ॅडमिट व्हा, कापून मोकळं करू.” गळू नसेल तर इतकी घाई नसते. वाद घालू नका. एवढंच म्हणा : “सर, आमच्या पोटाच्या डॉक्टरांशी तुमचं एकदा बोलणं झालं तर मला धीर येईल. आत्ता फोन लावून देऊ?” चांगला सर्जन फोन हातात घेतो. न घेणाऱ्याकडून रिपोर्ट परत घ्या, फी द्या आणि दुसरं मत घ्या. माझं मत विचाराल तर सर्जनची निवड या एका फोनवर करावी.

खर्च

ईयूए आणि सेटनचा अंदाजे खर्च लेखी घ्या. हे काम बऱ्याचदा एका दिवसात होतं. त्यामुळे मेडिक्लेमवाल्यांना ते डे-केअरमध्ये बसतं का, हे आधीच विचारा. इन्फ्लिक्झिमॅबचा हिशेब वजनावर चालतो : 52 किलोला 260 मिलिग्रॅम, आणि कुपी 100 मिलिग्रॅमची, म्हणजे तीन कुप्या. वजन वाढून 61 झालं की चार. सरकारी योजनेची विचारपूस रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, दाखल होण्याआधी करा. नंतर केली तर फार धावपळ होते.

बाहेर आल्यावर

रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसून सोबत्याची वही वाचा. कळलं नाही ते आत्ताच परत जाऊन विचारा. घरी पोहोचल्यावर कोणी फोन उचलत नाही. सर्जननी लिहिलेल्या कागदाचा फोटो त्याच संध्याकाळी पोटविकारतज्ज्ञांना पाठवा आणि खाली एक ओळ लिहा : सर्जनना अमुक करायचं आहे, तुमची हरकत आहे का? उत्तर आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

दोरा टाकल्यावर टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसा आणि अलगद टिपून कोरडं करा. गाठ सुटली तर दोरा ओढू नका, वर स्वच्छ कापड ठेवून सर्जनना कळवा. येणारा पू अचानक थांबला आणि ठणक सुरू झाली तर बरं झालं असं समजू नका. आत पुन्हा साठायला लागला असेल, त्याच दिवशी दाखवा. आणि रात्री-अपरात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो नंबर दवाखान्यातून निघण्याआधी लिहून घ्या.